मुसळीचा माथा

वरोरा-भद्रावतीकडची काळी जमीन मागे टाकून चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागलं, की मातीचा रंग पालटायला लागतो. पश्चिमेच्या तालुक्यांत कापूस आणि सोयाबीन, पूर्वेला धान. आणि या दोहोंच्या मध्ये लोहारा, चिचपल्लीचं सागाचं आणि बांबूचं रान. रस्त्याच्या कडेला जिथे जेसीबीने मुरूम उकरलेला आहे तिथे हा पालट उघडा दिसतो. वर वीतभर तांबूस भुरी माती, खाली मुरूम, अधूनमधून गारगोटीचे खडे. पोळा होऊन गेलेला, दसरा जवळ आलेला, पाऊस उताराला लागलेला. सफेद मुसळी पाहायची तर हेच दिवस, असं इकडे कुणीही सांगतं. आणि याच दिवसांत ती दिसेनाशी व्हायला लागते.

चिचपल्लीच्या पुढे एका उतारावर गाडी थांबवली. सोबतचा गावकरी बांबूच्या रांजीखाली वाकला आणि गवत बाजूला सारून त्याने पिवळी पडलेली पात दाखवली. महिन्याभरापूर्वी हीच पात हिरवीगार होती आणि तिच्या मधून निघालेल्या दांड्यावर पांढरी सहा पाकळ्यांची फुलं होती. आता दांडा वाळला होता, बोंडं फुटली होती आणि त्यांतलं बी बरंचसं खाली सांडलं होतं. काळं, टोकदार, कांद्याच्या बियांशी गल्लत व्हावी असं. आणखी पंधरवड्यात पातही गळून पडते. मग वरून पाहणाऱ्याला तिथे काही आहे हे कळायची सोयच नाही. ज्याने श्रावणात फूल पाहून जागा लक्षात ठेवली, त्यालाच कार्तिकात मूळ सापडतं.

मुसळीचं वर्ष उलट्या अंगाने चालतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो, तेव्हा ती जमिनीखाली निजलेली असते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की जमिनीलगतचा डोळा फुटतो आणि थोड्याच दिवसांत पात वर येते. ही घाई तिला परवडते, कारण साग अजून अर्धा उघडा असतो. उन्हाळ्यात पान गाळून बसलेल्या सागाची रुंद पानं पुरती पसरून सावली दाट व्हायला जुलै उजाडतो. तोवर जे ऊन जमिनीपर्यंत पोचतं त्यावर मुसळी आपली पात वाढवून घेते. पुढे विरळ सावलीत ती फुलते, बी धरते आणि पानांत तयार झालेलं सगळं अन्न मुळांत उतरवून पात सोडून देते. गडद सावलीच्या जागी ती खुरटते. अगदी उघड्या माळावर गवत तिला मागे टाकतं. तिला हवं असतं ते मधलं रान: सागाची पानगळ, बांबूच्या रांजीची कड, नाल्याच्या वरचा उतार.

आणि निचरा. पाऊस तिला हवा, भरपूर हवा, पण पाण्याचं थांबणं नको. मांसल मूळ पाणी साचलेल्या जमिनीत कुजतं. म्हणून वरोऱ्याची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन कितीही कसदार असली तरी मुसळीला मानवत नाही; उलट धानाच्या शेतकऱ्याने हलकी म्हणून नाक मुरडावं अशा मुरमाड उतारावर ती सुखाने राहते. मातीवर गळालेल्या पानांचा थर असला तर आणखी बरं. त्या थराखाली ओल टिकते, मूळ सरळ खाली जातं आणि काढताना तुटत नाही.

मूळ म्हणजे एक मुळी नव्हे, झुबका. वनस्पतिशास्त्र इथे दोन जाती वेगळ्या करतं. एकीत जाड, निमुळत्या मुळ्या थेट बुडापासून फुटतात. हिला शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्याला ओळख दिली ती मुंबईजवळच्या बोरिवलीच्या जंगलातल्या झाडांवरून, फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी. दुसरीत बारीक धाग्यांसारख्या मुळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला गाठी धरतात; हिची फुलं मोठी. रानातला माणूस दोघींना मुसळीच म्हणतो, पण कुठली दुकानात चढ्या भावाने जाते हे त्याला नेमकं ठाऊक असतं. तिसरी काळी मुसळी. ती अगदी वेगळ्या कुळातली, जमिनीला टेकून पिवळी फुलं काढणारी. ताडाच्या नव्या रोपाची आठवण करून देणारी तिची पानं दाट सावलीतही तग धरतात.

मूलच्या बाजारातल्या एका वनउपज खरेदीदाराच्या दुकानात वासावरूनच रानाचं पंचांग वाचता येतं. कोपऱ्यात मोहफुलांची जुनी पोती, बेहडा, बिबे, चारोळीचं न फोडलेलं बी, वाळका आवळा. मुसळीची पिशवी मात्र गादीजवळ, हाताशी. वाळलेली मुळी त्याने बोटांत धरून मोडून दाखवली. कट्कन मोडली आणि आतून पांढरी निघाली तर माल चांगला. वाकली, किंवा तपकिरी डाग दिसला, तर ती पावसात काढलेली, असा त्याचा ठोकताळा. तो खराही आहे. ऑगस्टमध्ये काढलेल्या मुळीत पाणी जास्त, गर कमी. साल नीट सुटत नाही, ढगाळ हवेत ती वाळत नाही, बुरशी धरते. पात गळून गेल्यावर महिना-दीड महिना जमिनीत राहिलेल्या मुळीची साल गडद होते, गर घट्ट होतो आणि चाकूने खरवडून उन्हात टाकली की ती पांढरी पडते. तरीसुद्धा चार-पाच किलो ओल्या मुळ्यांमागे किलोभर वाळकी हाती येते. एवढी मुळी गोळा करायला किती झुबके उपटावे लागत असतील, याचा हिशेब दुकानात कुणी करत नाही.

मुसळी पौष्टिक म्हणून विकली जाते. बाळंतिणीला दूध येण्यासाठी, अशक्तपणावर, आणि शहरांत पुरुषांच्या ताकदीच्या डब्यांतून. तिच्यात सॅपोनिन वर्गातली द्रव्यं असतात आणि मुळीची प्रत पाहताना प्रयोगशाळा त्यांचं प्रमाण तपासतात. गावात तिचा वापर साधा असतो. मुळीची पूड दुधातून, आणि पावसाच्या तोंडाला कोवळ्या पातीची भाजी. मुंबई-ठाण्याच्या बाजारांत आदिवासी बाया जून-जुलैत फोडशीच्या जुड्या विकायला आणतात, ती भाजी याच गोतातली. पात खुडली तरी झाड मरत नाही. मूळ काढलं की काय होतं, तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर पुढे धानोऱ्याकडे मिळणार होतं.

रानातून इतकी मुळी उपटण्यापेक्षा शेतात का लावू नये? हा विचार विदर्भाला नवा नाही. केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केलं आणि लागवडीसाठी ज्या ३२ वनस्पतींना प्राधान्य दिलं त्यांत सफेद मुसळी होती. त्या काळात मुसळीने महाराष्ट्रात चांगलाच धुमाकूळ घातला. एकरी लाखोंच्या उत्पन्नाच्या जाहिराती, माल परत विकत घेण्याचे करार, आणि बेण्याचे भाव आभाळाला टेकलेले. मुसळीचं बी कमी उगवतं आणि त्यापासून विकण्याजोगं मूळ व्हायला वेळ लागतो, म्हणून लागवड मुळ्यांचीच करावी लागते. म्हणजे पहिल्या वर्षीचा सगळा पैसा बेण्यात. ज्यांनी आधी लावली त्यांनी पुढच्यांना बेणं विकून पैसे केले. सगळ्यांकडे बेणं झालं तेव्हा औषध म्हणून मुळी घेणारा बाजार तेवढा मोठा नव्हता, आणि कराराचे कागद देणारे अनेक जण जागेवर सापडले नाहीत. त्या गादीवाफ्यांवर पुन्हा सोयाबीन आलं. रानातल्या मुसळीचा शोध मात्र थांबला नाही, कारण तिला बेण्याचा खर्च नव्हता.

मूलच्या पुढे मामा (माजी मालगुजारी) तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख सुरू होतो. पाणी सगळीकडे: बांध्यांत, पाटांत, रस्त्याच्या खड्ड्यांत. या सपाटीवर मुसळी नाही. सावली-व्याहाड मागे पडतं, वैनगंगेचा रुंद पूल येतो आणि पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा. त्याच्या क्षेत्रफळाच्या दोन तृतीयांशाहून अधिक भागावर जंगल आहे. धानोऱ्याच्या रस्त्याला कठाणी नदी ओलांडली की पुन्हा उतार, पुन्हा मुरूम. खाली इथे फार जुना खडक आहे, ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा; त्याचा भुगा होऊन बनलेली माती भरड, वाळूसर आणि पटकन निचरा होणारी. वर्षाला हजार मिलिमीटरहून बराच अधिक पाऊस पडतो आणि तो मातीतून सरसर खाली उतरतो. मुसळीला जे जे हवं ते सगळं या पट्ट्यात एकत्र आलेलं आहे.

धानोरा तालुक्यातल्या एका टोल्यावरची आजी मुळ्या काढायला निघाली होती. हातात पहार, कमरेला पिशवी, बरोबर नात. जागा तिला पाठ. पात नव्हतीच, वाळकी दांडी तेवढी गवतात उभी. तिने दांडीपासून वीतभर लांब पहार मारली, माती सैल केली आणि हाताने झुबका वर घेतला. मग त्यातल्या जाड मुळ्या तोडून पिशवीत टाकल्या आणि बारीक दोन-तीन मुळ्यांसकट वरचा गड्डा पुन्हा त्याच खड्ड्यात बसवून माती लोटली.

‘‘माथा ठेवाचा,’’ ती नातीला म्हणाली. ‘‘मुरी नेली तं चालते, माथा नेला तं पुढल्या वरसी काई नाई.’’

वनस्पतिशास्त्र हेच सांगतं. मुसळीच्या मांसल मुळीवर डोळा नसतो. नवा कोंब फुटतो तो वरच्या चकतीवरच्या डोळ्यांतून. मुळी एकटी जमिनीत पुरली तर ती कुजते. चकतीचा तुकडा आणि त्याला चिकटलेली एखादी मुळी असली तर पहिल्या पावसात झाड परत येतं. शेतात लागवड करणारेही बेणं याच रीतीने फोडतात. म्हणजे रानातल्या मुसळीचं भवितव्य दोन साध्या गोष्टींवर उभं आहे. बी सांडल्यावर काढणं, आणि माथा परत ठेवणं. दोन्हींना पैसा लागत नाही. दोन्हींना थांबणं लागतं.

आणि थांबणंच अवघड. ‘‘आम्ही थांबलो तं दुसरे घेऊन जाते,’’ आजी म्हणाली, आणि वर हेही, की माणसाने सोडलं तर डुक्कर आणि साळू उकरतात. डुक्कर आणि साळू पूर्वीपासून उकरत आलेले आहेत. दुसरी माणसं हा नवा भाग. जंगल कुणाचंच नाही असं ज्याला वाटतं तो ऑगस्टमध्येच येतो, फूल पाहून झुबका उपटतो, माथ्यासकट पिशवीत टाकतो आणि निघून जातो. त्याला पुढच्या वर्षी याच उतारावर यायचं नसतं.

जंगल कुणाचं, या प्रश्नावर देशभर चर्चिलं गेलेलं गाव याच तालुक्यात आहे. मेंढा (लेखा). देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेलं हे गोंड वस्तीचं गाव सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेसाठी ओळखलं जातं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले, त्याची बातमी झाली. त्याहून जुनी आणि कमी माहीत असलेली गोष्ट मधाची आहे. पोळं जाळून मध काढण्याची रीत सोडून, माशा आणि त्यांची पिलं राखून मधाचाच भाग कापून घेण्याचा अभ्यास या गावाने केला. मधाच्या पोळ्यात आणि मुसळीच्या झुबक्यात हिशेब एकच आहे. घ्यायचं ते घ्यायचं, पुढचं ज्यातून येतं ते ठेवायचं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजेची जी व्याख्या केली तिच्यात बांबू, तेंदूपाने, मध, लाख यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळे आणि कंद स्पष्ट शब्दांत आले. म्हणजे मुसळी गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा ग्रामसभेच्या लोकांचा हक्क, आणि जंगलाचं रक्षण व व्यवस्थापन हीही त्यांचीच जबाबदारी. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे दावे मान्य झालेले आहेत. कागदावर तरी आजीच्या उतारावर बाहेरच्याने ऑगस्टमध्ये पहार मारू नये असा ठराव करण्याचा अधिकार तिच्या गावाला आहे. गोंड आणि माडिया समाजाला अशी बंदी परकी नाही. ‘पंडुम’चा सण झाल्याशिवाय त्या हंगामाचं नवं फळ, नवं फूल तोंडात घालायचं नाही, हा रिवाज भामरागडपासून बस्तरपर्यंत पाळला जातो. आंब्याचा पंडुम होईस्तोवर आंबा झाडावर पिकायला सवड मिळते.

गडचिरोलीहून दक्षिणेला चामोर्शी-आष्टीवरून आलापल्ली गाठलं की सागाचं रूप बदलतं. उंच, सरळ, दोन हातांत न मावणारे बुंधे. आलापल्लीजवळचं सहा हेक्टरांचं ‘वनवैभव’ २०१४ साली महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. इथे सागाच्या जोडीला बिजा, ऐन, बेहडा, अर्जुन अशी झाडं वयाने वाढलेली, वेलींनी लगडलेली. खाली सावली गर्द, पानांचा थर घोट्यापर्यंत. मुसळीसाठी डोळे फिरवले तर मधल्या भागात काळी मुसळीच दिसत राहते. सफेद मुसळीचं खरं घर कडेला, जिथे जुनं झाड पडून आभाळ उघडं झालंय अशा जागी. जुनं जंगल म्हणजे प्रत्येक वनस्पतीला सारखंच मानवणारं जंगल, असं नसतं. मुसळीला पडझडही लागते, थोडं ऊनही लागतं.

आग मात्र मानवत नाही. आष्टीला वैनगंगा ओलांडून परत चंद्रपूर जिल्ह्यात शिरलं की गोंडपिपरी तालुका, आणि तिथे पाचगाव. या गावाच्या ग्रामसभेला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाला काम आणि पैसा मिळू लागल्यावर ग्रामसभेने एक निर्णय घेतला, ज्याची आसपास बरीच चर्चा झाली. तेंदूपत्ता तोडायचा नाही. तेंदूचा हंगाम म्हणजे एप्रिल-मेतला हमखास रोख पैसा. पण चांगलं पान यावं म्हणून झुडपं छाटली जातात, फुटवा यावा म्हणून रान पेटवलं जातं. त्याआधी मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा जाळला जातो. ही आग जमिनीलगत सरपटते. मोठ्या सागाला तिचं फारसं काही वाटत नाही. जमिनीवर सांडलेलं बी जळतं, ओल धरणारा थर जातो, आणि जूनच्या पहिल्या सरीत उघडी माती वाहून उतार कडक होतो. मुसळीचा माथा मातीखाली सुरक्षित राहिला तरी नव्या रोपाला जागा उरत नाही.

या पट्ट्यात आणखी एक भीती आहे आणि ती वाघाची. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात जीव गमावणाऱ्यांत मोहफूल, तेंदू, सरपण यांसाठी रानात गेलेली माणसं बरीच. मुळी खणणारा माणूस वाकलेला असतो, नजर जमिनीवर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत. म्हणून बाया आता गटाने जातात, आवाज करत जातात, आणि दूरच्या उतारावरची मुसळी तशीच राहते. तिथे ती वाढत असेल.

पाचगावला तेंदू सोडता आला, कारण हातात बांबू होता. गडचिरोलीत अनेक ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला घेतला, कोरचीसारख्या तालुक्यात त्यांनी महाग्रामसभा बांधली, कंत्राटदाराशी घासाघीस करून रॉयल्टी मिळवली. बांबू आणि तेंदू एकगठ्ठा निघतात, म्हणून त्यांचा हिशेब गावाच्या वहीत बसतो. मुसळी घराघरांतून किलो-दोन किलोंनी निघते. ती पिशवीतून, एसटीने, ज्याच्या त्याच्या गरजेच्या दिवशी बाजारात पोचते. धान कापून घरात यायला नोव्हेंबर लागतो. पोरांच्या वह्या, युरियाची गोणी आणि दवाखान्याची चिठ्ठी ऑगस्टमध्येच येऊन ठेपतात. आजीच्या टोल्यावर यंदा दोन घरांनी पोळ्याआधीच मुळी काढून विकली. तिच्या घरात पोराची बांधकामावरची मजुरी आली होती, म्हणून ती थांबली.